रि: रि: शनिवारचं वर्कशीट – ल कोणता?

मृणाल, बुधवार रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आपल्या मिशिगनच्या मराठी शाळेच्या बालवर्गाचं शनिवारचं वर्कशीट अडकलंय. नेहमीच्या त्या फुकट साइटवर बनवलं. लाल, शाल, मशाल, विशाल असे शब्द घातले. शीर्षकात आपला मराठी वळणाचा, पाकळीचा ल आला आणि खाली सगळीकडे दंडाचा, म्हणजे हिंदीत असतो तो उभ्या रेघेचा. श चंही तेच, वर मराठी वळणाचा देठाचा, खाली हिंदी वळणाचा शेंडीफोड्या. मागच्या शनिवारी हे माझ्या लक्षातच आलं नाही आणि तसंच छापून नेलं. एका पोराने बोट ठेवून सांगितलं, "ताई, भिंतीवरच्या तक्त्यात ५२ अक्षरं आहेत, या कागदावर दोन नवीन आहेत." मी खाऊचा डबा उघडून वेळ मारून नेली. दर वेळी डबा पुरणार नाही.

पाच फॉन्ट बदलून पाहिले, पाचांतही दंडाचाच. ट्रॉयच्या वर्गात तुम्ही काय वापरता?

ता.क. गिरवायला ठिपक्यांची अक्षरं कुठे मिळतात तेही सांगा.

मृणाल (नोवाय वर्ग)

---

सुहास, बुधवार रात्री १०:०५

मृणाल,

हा प्रश्न आपण २००४ सालीच सोडवला होता. 'शिवाजी' फॉन्टमध्ये पहिली ते चौथीची सगळी वर्कशीटं मी स्वतः टाइप केली, गिरवण्यासकट. ल पाकळीचा, श देठाचा, कुणाची तक्रार नाही. सीडी शाळा समितीकडे दिली होती. ती कुठे आहे? दर वर्षी नवीन शिक्षक येतात, नवीन साइट शोधतात आणि जुनं काम माळ्यावर जातं.

सुहासकाका

---

अभय, बुधवार रात्री ११:३०

काका, सीडी माझ्याकडे आहे, जपून ठेवली आहे. ती लावायला ड्राइव्ह असलेलं मशीन मात्र आता कुणाकडे नाही. फाइल्स मी २०१५ मध्ये उतरवून घेतल्या होत्या. उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा शिमगा दिसतो, कारण ते जुने फॉन्ट मुळात इंग्रजी अक्षरांवर मराठी मुखवटे चढवायचे. फॉन्ट असेल त्या मशीनवर मराठी, नसेल तिथे गचाळा. छापील प्रत असेल तर स्कॅन करू या. खरंच सांगतो, चित्रं फार छान होती.

मृणाल, यात तुझी चूक नाही आणि साइटचीही नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कंप्यूटरसाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ल एकच आहे. रूपं दोन, पण क्रमांक एक. कोणतं रूप दाखवायचं ते फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टांच्या पोटात दोन्ही रूपं असतात, पण "हा मजकूर मराठी आहे" असं सांगितल्याशिवाय ते मराठी रूप बाहेर काढत नाहीत. वर्कशीटच्या साइटवर हे सांगायची जागा बहुधा नसतेच. शीर्षकाला तू वेगळा फॉन्ट दिला असशील, म्हणून तिथे नशिबाने पाकळी आली.

सोपा उपाय: गूगल फॉन्ट्सवर 'टिरो देवनागरी मराठी' आहे. फुकट. त्यात काही न सांगता पाकळीचाच ल येतो. त्याच नावाची हिंदी आणि संस्कृत अशी दोन भावंडंही आहेत, घाईत ती उतरवू नकोस. साइट सोडून दे, लिब्रे ऑफिसमध्ये बनव. तेही फुकट.

ठिपके शोधत बसू नकोस. मोठ्या टायपात अक्षर घे, रंग फिकट राखाडी कर आणि छाप. मुलं त्यावरून पेन्सिल फिरवतात. आमची धाकटी तशीच शिकली.

अभय

---

केतकी, गुरुवार सकाळी ७:१५

एक भाबडा प्रश्न. याने खरंच काही बिघडतं का? मी सोलापूरला शिकले. आमच्या पुस्तकात दंडाचाच ल होता आणि आजीच्या पत्रांत पाकळीचा. दोन्ही वाचता आले, कुणी मेलं नाही. आपली मुलं आठवड्यात दीड तास मराठी वाचतात. त्या दीड तासात पाकळी की दंड यावर जीव काढायचा की गोष्ट वाचायची?

केतकी (ट्रॉय)

---

वसुधा, गुरुवार सकाळी ९:५०

केतकी,

काही बिघडत नाही असं म्हणतच आपण ळ सुद्धा घालवला. गेल्या गणपतीत मुलांनी म्हटलेल्या आरतीचा व्हिडिओ पाहा.

६ नोव्हेंबर २००९ चा महाराष्ट्र शासनाचा निर्णय आहे. त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरावेत असं स्पष्ट आहे. १० नोव्हेंबर २०२२ ला त्याची सुधारित आवृत्तीही निघाली. तू शिकलीस तेव्हा पुस्तकात दंडाचा होता, मान्य. मी तोच ल फळ्यावर पंचवीस वर्षं लिहिला आणि मग निवृत्तीच्या तोंडावर हात वळवला. साठीतल्या बाईला जमलं ते सहा वर्षांच्या मुलांना जमेल.

आणि मृणाल, तक्ता ५२ अक्षरांचा आहे ना? मग त्यात ॲ आणि ऑ आहेत. चौदा स्वर. वर्गात अजून बाराखडीच म्हणून घेतात असं मी ऐकलं. चौदाखडी म्हणून घ्या. हा विषय शाळा समितीत दोनदा झालेला आहे. अभ्यासक्रमात काय असावं ते समिती ठरवते, फॉन्ट कोणता ते वेबसाइटवाल्यांनी ठरवू नये, एवढंच.

वसुधाताई

---

अभय, गुरुवार सकाळी १०:२०

ताई, मी काहीच ठरवलं नाही. मृणालने विचारलं, मी सांगितलं. वेबसाइट समिती म्हणजे मी एकटाच आहे, हेही आठवण म्हणून.

ॲ चा विषय निघालाच आहे तर, तो टाइप करताना जपा. ॲ हे अख्खं अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र चढवायचे, आणि काही कीबोर्ड अजून तेच करतात. दिसायला दोन्ही सारखे, पण कंप्यूटरला वेगळे. आपल्या ग्रंथालयाच्या यादीत "ॲ" शोधलं की निम्मी पुस्तकं सापडत नाहीत ती यामुळेच.

---

श्रीकांत, गुरुवार दुपारी १२:४०

मला या यादीतून काढा. तिसऱ्यांदा लिहितोय.

---

संजय, गुरुवार दुपारी १:१०

एवढा घोळ कशाला? बालभारतीची सगळी पुस्तकं त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट आहेत. पहिलीचं पुस्तक उतरवा, हवी ती पानं कापा, वर आपल्या मंडळाचा लोगो लावा, काम झालं. मी गेल्या वर्षी तसंच केलं. ल, श, ॲ सगळं शासनमान्य, ताईही खूश.

फक्त एक. ती पुस्तकं ए-फोरची असतात आणि आपला लेटर कागद रुंदीला थोडा जास्त पण उंचीला जवळजवळ १८ मिलिमीटर कमी. 'फिट टू पेज' न करता छापलं की खालची ओळ जाते. मी एकदा वीस प्रती अशा छापल्या की प्रत्येक पानावरचा शेवटचा प्रश्नच गायब. मुलांना तो दिवस आवडला.

संजय

---

केतकी, गुरुवार दुपारी १:३५

लोगो? संजयदादा, त्या पुस्तकांत आतल्या पानावर लिहिलेलं असतं की सर्व हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे, आणि त्यांच्या लेखी परवानगीशिवाय कुठलाही भाग वापरायचा नाही. फुकट उतरवता येतं म्हणजे आपलं झालं असं नाही. घरी वाचायला दिलं तर गोष्ट वेगळी. कापून, आपलं नाव लावून, साइटवर टाकणं मला बरोबर वाटत नाही.

त्यापेक्षा स्टोरीवीव्हर ही मुलांच्या गोष्टींची साइट बघा. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलं. मराठी गोष्टी भरपूर, चित्रांसकट, आणि परवाना असा की छापा, वाटा, भाषांतर करा, फक्त लेखक आणि चित्रकाराचं नाव ठेवा. चार पातळ्या असतात. आमच्याकडची मुलं आठ-नऊ वर्षांची असली तरी पहिल्या पातळीपासूनच सुरू करा, वयावर जाऊ नका. मी आधी तिसऱ्या पातळीपासून केलं आणि दोन मुलं यायची बंद झाली.

मी एका गोष्टीत 'रिक्षा' शब्दाला अडकले. इथे जन्मलेल्या मुलाला रिक्षा कशी सांगणार? अर्धा तास त्यातच गेला, पण मजा आली. एकाने विचारलं, "दार नसतं तर माणसं पडत नाहीत?"

---

सुहास, गुरुवार दुपारी २:००

पडतात. १९७८ साली नाना पेठेत मी पडलो आहे.

छापील प्रत माझ्या तळघरात असेल. शोधतो.

---

वसुधा, गुरुवार दुपारी ३:१५

केतकीचं हक्कांबद्दलचं म्हणणं योग्य आहे. संजय, मागच्या वर्षीची ती पानं आपल्या साइटवरून आजच काढून टाक. मी मिटिंगमध्ये बोलले होते, मिनिट्समध्ये आलं नाही.

शब्दांचे अर्थ शोधायला पालक मला फोन करतात. त्यांना सांगा, मोल्सवर्थचा कोश, १८५७ ची आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहे. शोधता येतो. तिथेच मॅक्सीन बर्नसन यांचा छोटा मराठी-इंग्रजी कोशही आहे, तो आपल्या पालकांना जास्त उपयोगी. या बाई अमेरिकेतून गेल्या, फलटणला राहिल्या, शाळा काढली. मोल्सवर्थ वाचायला रंजक, पण त्यातला अर्थ सांगून मुलाला गृहपाठ करू देऊ नका, १८५७ ची मराठी इथल्या मुलाला कशाला.

---

मृणाल, गुरुवार रात्री ८:५५

सगळ्यांचे आभार, पण माझा ल अजून तिथेच आहे.

अभय, टिरो घातला. पाकळी आली, देठ आलं, सुंदर दिसतं. पण हा तर पुस्तकातला फॉन्ट आहे, कुठे जाड कुठे बारीक रेघ. पाच वर्षांच्या पोराला गिरवायला द्यायचा तर सगळीकडे सारख्या जाडीची रेघ हवी. आमच्या मुलाने रात्री जेवण होईतो एक श गिरवला आणि जिथे रेघ बारीक तिथे विचारलं, "इथे हळू लिहायचं का?" ठळक करायला गेले तर त्यात ठळक वजनच नाही. नुसता साधा आणि तिरपा.

---

अभय, गुरुवार रात्री ९:४०

बरोबर आहे, मीच विचार केला नाही.

मग दुसरा मार्ग. 'नोटो सान्स देवनागरी' घे. रेघ सारखी, वजनं हवी तितकी. याच्या पोटात दोन्ही रूपं आहेत, फक्त भाषा सांगावी लागते. लिब्रे ऑफिसमध्ये ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर जा. तिथे 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) आधी चालू कर, मग त्याच्यापुढची भाषा मराठी निवड. वरची पाश्चात्त्य भाषा बदलून उपयोग नाही, बहुतेक जण तिथेच फसतात. आधी टाइप केलेला मजकूर निवडून त्यालाही मराठीच लाव, नाहीतर जुने शब्द हिंदीच राहतात.

आणि शेवटी पीडीएफ करूनच पाठव. नाहीतर ज्याच्याकडे फॉन्ट नाही त्याच्याकडे पुन्हा दंड.

---

संजय, गुरुवार रात्री १०:०५

पानं काढली. पण एक सांगतो, गेल्या वर्षी ती पानं पाहूनच माझ्या बाजूची चार कुटुंबं शाळेत आली. याचा कुठे उल्लेख होत नाही.

---

मृणाल, गुरुवार रात्री १०:५०

आला!! लाल, शाल, मशाल, विशाल, सगळे पाकळीचे आणि देठाचे. कॉम्प्लेक्स की काय ते बंदच होतं, अभय म्हणाला तसं. राखाडी रंगात छापून पाहिलं, मुलाने न विचारता गिरवलं.

पीडीएफ सोबत जोडलं आहे. ट्रॉयच्या वर्गाने हवं तर वापरावं, वसुधाताई, समितीची हरकत नसेल तर. चौदा स्वर घातले आहेत, ॲ अख्खा आहे, चंद्र चढवलेला नाही.

बर्फ पडला आणि वर्ग ऑनलाइन घ्यावा लागला तर मागच्यासारखी ४० मिनिटांनी मिटिंग तुटेल, झूम फुकटात तेवढंच देतं. गूगल मीट तिघं किंवा जास्त असले तर तासभर चालतं, ती लिंक तयार ठेवते. मागची फळ्याची लिंक कुणी उघडू नका. गूगलने जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा २०२४ च्या शेवटी बंद केला, आपली सगळी चित्रं त्यातच होती. ज्यांनी पीडीएफ काढून ठेवली असतील त्यांनी मला पाठवा.

हॉलची किल्ली कुणाकडे आहे?

---

वसुधा, शुक्रवार सकाळी ८:३०

समितीची हरकत नाही. मशालच्या जागी मुलांना माहीत असलेला शब्द घातला असता तर बरं झालं असतं. पुढच्या वेळी.

---

श्रीकांत, शुक्रवार सकाळी ९:००

किल्ली माझ्याकडे आहे. शनिवारी साडेनऊला उघडतो. मग मला यादीतून काढा.

---

सुहास, शुक्रवार दुपारी ४:२०

छापील प्रत सापडली. एका कोपऱ्याला पाणी लागलं आहे, बाकी ठीक. शनिवारी घेऊन येतो. त्यात गिरवायला मशालच आहे, वसुधा, आणि चित्रही आहे.