इवामीची चांदी नक्की कुणाची?

राखपारखी : ‘जपानची चांदी म्हणजे समुराई सरदारांच्या दूरदृष्टीचे फळ’ असे परवा इथे एका सभासदाने लिहिले आणि त्यावर वाहवाहीचा पाऊस पडला, म्हणून हे सविस्तर उत्तर. जपानमधल्या इवामीची चांदीची खाण 1526 च्या सुमारास हाकाता बंदरातल्या कामिया जुतेई या व्यापाऱ्याने चालवायला घेतली, आणि 1533 मध्ये त्यानेच कोरियन पद्धत जाणणारे कारागीर तिथे आणले. खनिज शिशाबरोबर वितळवून तो गोळा राखेच्या थरावर तापवला की शिसे राखेत जिरते आणि चांदी वर उरते. यात सरदारांचा हात कुठे आला? ओउची, आमागो आणि मोरी ही सरदारघराणी आयत्या बिळावर नागोबा होऊन खाणीसाठी भांडत राहिले आणि 1562 मध्ये ती मोरींच्या हाती पडली, एवढेच.

किल्लेदार : खाणीजवळच्या यामाबुकी किल्ल्याचा पहारा नसता, तर तुमच्या व्यापाऱ्याची चांदी बंदरापर्यंत तरी पोहोचली असती का? पुढे जपानचे सत्ताधारी झालेल्या तोकुगावांनी नेमलेल्या ओकुबो नागायासूने उत्पादन वाढवले, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळले आहे.

राखपारखी : ओकुबो हा नटाचा मुलगा, सरदारकुळातला नव्हे. 1613 मध्ये तो मरताच अपहाराचा ठपका ठेवून त्याच्या मुलांना देहदंड देण्यात आला. उदाहरण तरी जपून निवडावे.

मांडवीकर : गोव्याहून मकाऊमार्गे नागासाकीला जाणारी पोर्तुगीज जहाजे चिनी रेशीम देऊन हीच चांदी उचलत, कारण चीनच्या मिंग दरबाराने जपानशी थेट व्यापार बंद ठेवला होता. गिऱ्हाइकाविना कसली दूरदृष्टी?

धूळखाऊ : सरदार, व्यापारी, गिऱ्हाईक सगळे झाले, दगड फोडणारा कुणालाच आठवला नाही. शंखात तेल घालून पेटवलेल्या दिव्याच्या धुरात, अंगाएवढ्या बोगद्यात ही माणसे छिन्नी चालवत, आणि तिथला खाणकामगार तिशीला पोहोचला तर त्याचे दीर्घायुष्य साजरे होई, असे सांगतात. माझे वडील भंडाऱ्याकडे मँगनीजच्या खाणीत होते. त्यांचा खोकला ‘विडीमुळे’ असल्याचे कंपनीच्या डॉक्टरांनी लिहून दिले. वडिलांनी जन्मात विडी ओढली नव्हती.

किल्लेदार : वाईट वाटले, पण हा धागा भंडाऱ्याचा नाही.

धूळखाऊ : इवामीतही ‘हा विषय नाही’ असेच म्हणणारे कुणी तरी असेलच.

राखपारखी : मुद्दा धूळखाऊंचाच बरोबर आहे. छाती कुणाची गेली, हा प्रश्न या धाग्याच्या बाहेरचा कसा?

किल्लेदार : बरे, ओकुबो तुम्हाला दिला, आनंद माना. पण भट्ट्यांना लागणारे लाकूड आणि कोळसा भोवतालच्या गावांकडून कुणाच्या हुकमाने येत होता, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.