‘पैसे परत मिळतातच’ म्हणे! कुणाला मिळतात?

बिबवेवाडीकर

परवा इथे ‘अधिक_उणे’ या सदस्यांनी फर्मान काढलं. सारांश असा: ऑनलाइन खरेदीत फसतो तो हावेपायी फसतो, शहाण्याने क्रेडिट कार्ड वापरावं, एवढं करूनही काही झालंच तर बँकेला कळवायचं, पैसे परत मिळतातच, कारण ‘रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे’. त्याखाली ‘अगदी बरोबर’चा पाऊस. तिथे उत्तर मावेना म्हणून वेगळा धागा.

आधी नियम. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा हवाला सगळे देतात, वाचलेलं कुणी दिसत नाही. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हे खरं. पण कुठल्या व्यवहारात? तुमच्या परवानगीशिवाय आणि तुमची चूक नसताना झालेल्या. तुम्ही स्वतः पिन टाकून पैसे पाठवलेत आणि माल आलाच नाही किंवा भलताच आला, तर त्या परिपत्रकाचा काडीचा उपयोग नाही. खरेदीतल्या फसवणुकीत माणूस आपल्याच हाताने पैसे देतो. म्हणजे ज्याची खरी गरज, तेच नेमकं नियमाबाहेर.

आता हाव. एप्रिलमध्ये सासूबाईंनी मोबाइलवर ‘थेट बागेतून देवगड हापूस’ अशी जाहिरात बघून पेटी मागवली. भाव मार्केटयार्डाइतकाच होता, त्यामुळे स्वस्ताच्या मोहाचा प्रश्न नाही. पैसे यूपीआयने, आगाऊ. पेटी आली. वरच्या थरात देखणी, देठाशी केशरी झाक असलेली फळं. खाली कागद, आणि कागदाखाली हिरवीगार, दगडासारखी, लांबुडकी तोतापुरी. कागद कानडी वर्तमानपत्राचा. नंबर बंद, जाहिरातीचं पान गायब. आम्ही दोघी बँकेत गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “आजी, पिन तुम्हीच टाकलात ना? मग फ्रॉड कसा?” घरी येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

पंचाहत्तरीच्या बाईला हावरट म्हणायचं असेल तर इथे, माझ्यासमोर म्हणा.

अधिक_उणे

सासूबाईंबद्दल वाईट वाटलं. पण त्या मुलाचं काय चुकलं? आयुष्य काउंटरच्या आतल्या बाजूला गेलंय माझं. यूपीआय म्हणजे रोकड. लक्ष्मी रस्त्यावर रोख मोजून साडी घेतली आणि ती पहिल्या धुण्यात विटली, तर रिझर्व्ह बँक नोटा परत करते का?

कार्डावर दुकानदाराकडून दीड-दोन टक्के कापले जातात. वाद मिटवायची सगळी यंत्रणा त्या पैशांवर चालते. साध्या यूपीआयवर जानेवारी २०२० पासून तो आकार शून्य आहे. शुल्क लावायचं नुसतं नाव काढलं की तुम्हीच बोंब मारणार, आणि संरक्षण मात्र कार्डासारखं हवं. फुकट ते पौष्टिक कसं असेल?

शिवाय आता पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं बँकेतलं खरं नाव दिसतं. ३० जून २०२५ पासून ती सक्ती आहे. नाव वाचलं होतं का?

बिबवेवाडीकर

वाचलं होतं. बागेच्या नावाऐवजी कुणा माणसाचं नाव होतं. पण खरे बागायतदारसुद्धा पुतण्याच्या नाहीतर बायकोच्या खात्यावर पैसे घेतात, कोकणात हे रोजचं आहे. नावावरून चोर आणि पुतण्या वेगळे कसे ओळखायचे ते शिकवा, वर्ग लावते.

वाकडचा पाइपलाइनवाला

कार्डाचं कौतुक ऐकून राहवलं नाही. मी कार्डानेच हेडफोन घेतले, मोठ्या नावाच्या ठिकाणी, पण विकणारा तिथला कुणी तिसराच. खोक्यात मोबाइलचं कव्हर निघालं. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच दिली, कारण २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तेवढं लिहिलंय. पुढे ‘आम्ही फक्त बाजारपेठ, विकणारा वेगळा’. मग बँकेत चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे उलटे फिरवायची मागणी. दीड महिन्याने उत्तर: विक्रेत्याने माल पोचल्याचा पुरावा दिला आहे, सबब वाद बंद.

पुरावा काय, तर कुरिअरची नोंद आणि माझी सही. पार्सल पोचलं हे मीही नाकारत नाही हो! आत काय होतं ते कोण बघणार? हल्ली रिकामं पाकीट पाठवतात ते यासाठीच. ‘माल मिळाला नाही’ म्हणता येत नाही, आणि ‘वर्णनाप्रमाणे नाही’ हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर.

अधिक_उणे

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढला होता का?

वाकडचा पाइपलाइनवाला

नाही काढला. दारात पार्सल आलं की आधी पंचनाम्याची तयारी करायची मला कल्पना नव्हती, साहेब.

पेठी खवचट

लक्ष्मी रस्त्याचं नाव काढलंत म्हणून सांगतो. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी जिथे जन्मली त्या गावात तुम्ही ग्राहकहक्कांवर भांडताय. २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पाटी तशीच आहे, फक्त नव्याने रंगवलीय. (१ ते ४ चे विनोद कृपया नकोत, आम्ही जेवतोय.)

गाळेवाला

आंब्याचं बोलतो, बँकेचं मला कळत नाही. कानडी कागद हा पुरावा नव्हे. रद्दी कुठूनही येते, रत्नागिरीच्या पेटीतसुद्धा मी कानडी कागद बघितलाय. आणि कर्नाटकी हापूसला इतकी नाकं मुरडू नका. एप्रिलअखेर तुमच्यातले निम्मे लोक तोच खातात आणि ‘वा, काय देवगड आहे’ म्हणतात. मी विकतो, मला विचारा.

रत्नाग्रीकर

हे बरंय! ‘मी विकतो’ असं चारचौघांत छाती ठोकून सांगताय? हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांना. बाहेरच्या फळाला ते नाव लावून विकणं हीच मूळ फसवणूक. ऑनलाइन चोर नंतर आले, त्याआधी तुमचे गाळे होते.

गाळेवाला

मी ‘कर्नाटक’ सांगूनच विकतो. गिऱ्हाईक घरी जाऊन पाहुण्यांना काय सांगतं त्याला मी जबाबदार नाही.

रत्नाग्रीकर

सांगून विकणारा गाळा दाखवा, पुढच्या हंगामात तुमच्याकडूनच घेतो. देवगडच्या बागायतदारांच्या संस्थेने २०२५ पासून फळाफळावर वेगळ्या कोडचं स्टिकर लावायला घेतलं ते कुणामुळे? आमचा माणूस झाडावर चढून झेल्याने एकेक फळ उतरवतो, त्यावर आता स्टिकर चिकटवत बसायचं, कारण तुम्ही लोक!

अधिक_उणे

मुद्दा आंब्याचा नाही, पण स्टिकर निघून पेटीत पडतात हे मीही पाहिलंय. आणि गेल्या वर्षी खरा म्हणून घेतलेल्या डझनात चार साका निघाले, आतून पांढरट, स्पंजासारखे.

रत्नाग्रीकर

साका हा हापूसचाच दोष आहे, काका. साका निघाला म्हणजे आंबा खरा होता. अभिनंदन.

बिबवेवाडीकर

आंबे पुरेत! वरच्या थरातले आम्ही खाल्ले, चांगले होते, कुठल्या जिल्ह्यातले ते विचारलं नाही. आणि ते खाल्ले म्हणूनच प्रकरण अजून अवघड झालं. ग्राहक मार्गदर्शन केंद्रातल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “माल शिल्लक आहे का?” नाशवंत मालाचा पुरावा ठेवायचा कुठे, फ्रिजमध्ये? १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला होता, पण पेटी उघडून तोवर तीन दिवस झाले होते आणि खात्यातली रक्कम पुढे सरकलेली. ती हेल्पलाइन पहिल्या तासा-दोन तासांत कामाची. पण आंब्याची पेटी यायलाच आठवडा लागतो! फसवणूक झाल्याचं कळतं तेव्हा पैसे उडून गेलेले असतात.

अधिक_उणे

ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंत तक्रारीला शुल्कसुद्धा नाही, वकीलही लागत नाही.

बिबवेवाडीकर

कुणाविरुद्ध? पत्ता कुठला लिहू? पैसे ज्याच्या नावावर गेले तो स्वतःच कुणी खातं भाड्याने दिलेला पोरगा असायचा. ती जाहिरात दाखवायचे पैसे ज्या कंपनीने घेतले तिला गाठावं म्हटलं तर ती म्हणते आम्ही फक्त फळा पुरवला, लिहिणारा वेगळा. प्रत्येक जण ‘फक्त’ काहीतरी आहे.

वाकडचा पाइपलाइनवाला

त्या शेवटच्या वाक्याला माझं अनुमोदन. बाकी, बँकेने ३० दिवसांत समाधान केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत जाता येतं. मी गेलोय. पण तोही बँकेच्या सेवेत कुचराई झाली का एवढंच बघतो, हेडफोन कुठे गेले ते बघत नाही.

अधिक_उणे

कबूल, खासगी खात्यावर यूपीआयने गेलेले पैसे घेणाऱ्याच्या संमतीशिवाय बँक परत फिरवू शकत नाही, हे मी लिहायला हवं होतं. लिहितो. पण ‘सगळीकडे सारखं संरक्षण द्या’ म्हणणाऱ्यांनी त्याची दुसरी बाजूही बघावी. उद्या कुणीही ‘फसवलं’ म्हटल्यावर पैसे उलटायला लागले तर तुळशीबागेतली बांगड्यावाली बाई संध्याकाळी रडेल. माल घेऊन खोट्या तक्रारी करणारी गिऱ्हाइकं मी कमी बघितली नाहीत. आणि अनोळखी माणसाला आगाऊ पैसे देऊ नयेत, हे वाक्य मी कापणार नाही. सासूबाई कुणाच्याही असोत.

बिबवेवाडीकर

बांगड्यावाली तुमच्या शुल्काने आधी रडेल, उलट्या व्यवहाराने नंतर. ‘हाव’ हा शब्द काढताय की नाही तेवढं सांगा.

अधिक_उणे

‘हाव किंवा भोळेपणा’ करतो.

बिबवेवाडीकर

भोळेपणा? बाजारभावाने आंबे घेतले त्यात भोळेपणा कसला?

गाळेवाला

बाजारभावाने देवगड मिळतो असं वाटणं, हाच.

रत्नाग्रीकर

आता मात्र गाळेवाल्यांशी सहमत व्हावं लागतंय, नाइलाज आहे. ताई, पुढच्या वर्षी एसटीने पेटी पाठवतो, स्वारगेटला उतरवून घ्या. पैसे फळ बघून द्या. नंबर व्यक्तिगत निरोपात देतो, खातं मात्र पुतण्याच्या नावावर आहे.