स्विचला ‘खटका’ म्हणावं का?

प्रोग्रॅमिंगच्या एका मराठी टिपणात ‘स्विच’ला, म्हणजे एखाद्या किमतीनुसार कोडची पुढची वाट निवडणाऱ्या रचनेला, ‘खटका’ म्हटलंय. सी या प्रोग्रॅमिंग भाषेत हा स्विच फक्त पूर्णांकांवर चालतो, जावा या भाषेत मात्र २०११ च्या सातव्या आवृत्तीपासून स्ट्रिंगवरही, म्हणजे अक्षरांच्या माळेवरही, चालतो. तिथे ‘खटका’ शोभतो का?

— नाही शोभत. खटका दिव्याचा, चालू नाहीतर बंद. इथे एका किमतीवरून कितीही वाटा फुटतात. अशा प्रत्येक वाटेला, म्हणजे ‘केस’ला, ‘फाटा’ म्हणा. ‘फाटे फोडणे’ला वाईट छटा आहे खरी, पण रस्त्याला फाटा फुटतो हे आपण सरळच म्हणतो. (‘फाटाफूट’ मात्र नको, ती दुही झाली.) मूळ रचनेला ‘स्विच’च राहू द्या, सगळ्यांना कळतं.

माझ्या मते खरी काळजी घ्यायची ती टिपणातल्या ‘जुळला तर’ या शब्दांत. मराठीत ‘तोच’ आणि ‘तसाच’ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि इथे तो फरक फार मोलाचा आहे. जावात दोन स्ट्रिंगांमध्ये दुहेरी बरोबरचं चिन्ह घातलं की ‘तोच आहे का’ एवढंच विचारलं जातं, म्हणजे मेमरीतली वस्तू एकच आहे का. फाइलमधून वाचलेला ‘बंद’ आणि कोडमध्ये लिहिलेला ‘बंद’ अक्षरन्‌अक्षर सारखे असले तरी उत्तर ‘नाही’ येतं. स्विच मात्र ‘तसाच आहे का’ हे बघतो.

— मग कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलणारा प्रोग्रॅम, प्रत्येक फाट्याशी अक्षरं ताडत बसतो?

— नाही. जावाचा कंपायलर असा कोड तयार करतो की आधी स्ट्रिंगचा हॅश, म्हणजे एक पूर्णांक, काढला जातो आणि त्यावरून फाटा शोधला जातो. पण हॅश सारखा म्हणजे शब्द सारखा असं नाही. तुमचाच शब्द घ्या: ‘खटका’ आणि ‘काका’, दोन्हींचा हॅश ७१६१२२४२. आधीच्या हॅशला ३१ ने गुणून पुढच्या चिन्हाचा युनिकोड क्रमांक मिळवत जायचं, अशी ती रीत. ‘ख’ हा ‘क’पेक्षा एकाने मोठा आणि ‘ट’ हा काण्यापेक्षा ३१ ने लहान, म्हणून ‘खट’ आणि ‘का’ इथेच बरोबरी होते. पुढचा ‘का’ दोन्हींत आहेच. त्यामुळे हॅश जुळल्यावर अक्षरं ताडून बघावीच लागतात. टिपणात ‘जुळला तर’ खोडून ‘तसाच असेल तर’ लिहा.