मदत हवी आहे: बाबांच्या दाढीसाठी कॅनमधला फोम, ट्यूबमधलं क्रीम की साबणाची वडी?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीजवळ राहते. माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत. जानेवारीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजव्या हातात अजून जोर नाही, उजवा गाल सैल पडलाय, बोलताना शब्द सापडत नाहीत. समजतं मात्र सगळं. मार्चपासून घरी आहेत आणि तेव्हापासून त्यांची दाढी मीच करते.

याआधी मी कधी कुणाची दाढी केली नव्हती. आणि ही साधी गोष्ट नाहीये आमच्याकडे. बाबा वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. पहिली पाळी असली तरी दाढी झाल्याशिवाय घराबाहेर पाऊल नाही. नौपाड्याच्या चाळीत खिडकीच्या गजाला आरसा टांगलेला असायचा, खाली स्टीलची वाटी, वाटीत साबणाची गोल वडी. दाढी झाली की ब्रश वाटीच्या काठावर दोनदा आपटायचे. त्या टकटकीनेच आम्ही भावंडं शाळेसाठी उठायचो. हॉस्पिटलमधून आणलं तेव्हा बारा दिवसांची दाढी वाढली होती. लिफ्टच्या आरशात स्वतःला बघून त्यांनी मान फिरवली. म्हणून मला हे नीट जमायला हवंय.

आतापर्यंत काय काय करून पाहिलं ते सांगते.

फोम सगळ्यात सोयीचा वाटला. बटण दाबलं की झालं, ना वाटी ना ब्रश. पण मला एक दाढी करायला वीस मिनिटं लागतात. डावा गाल संपवून उजवीकडे येईपर्यंत तिथला फोम पंख्याखाली सुकलेला असतो. थर इतका जाड बसतो की जबड्याखालचा मस दिसतच नाही. दोनदा तिथेच कापलं. त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यामुळे एवढंसं कापलं तरी रक्त लवकर थांबत नाही. आणि तो थंडगार लागतो. आता कॅन दिसला की बाबा डाव्या हाताने बाजूला सारतात.

भावाच्या ट्यूबमधलं क्रीम हाताने चोळून पाहिलं. कुठे जाड, कुठे नुसतं ओलं. रेझर अडकतो.

मग त्यांच्या सवयीची म्हणून साबणाची वडी आणली. जुना ब्रश सापडला, केस गळतात त्याचे. पण फेसच येईना. वाटीत नासलेल्या दुधासारखे गोळे. गेल्या रविवारी बाबांना घेऊन नौपाड्याला आत्याकडे गेले होते, तिथे तीच वडी, तोच ब्रश, आणि फेस अगदी सायीसारखा! आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर आणि बोअरचं पाणी मिसळून सोडतात. त्याचा संबंध असेल का?

कुणी घरातल्या आजारी माणसाची दाढी करत असाल तर कृपया सांगा, यातलं काय घेऊ? ट्रिमर सुचवू नका. डॉक्टरांनी तोच आधी सांगितला होता, आणलाही. पण फिरवून झाला की बाबा गालावरून हात फिरवतात, खुंट हाताला लागतात आणि ते नाही नाही म्हणून मान हलवतात.

प्रतिसाद १

ताई, माझ्या वडिलांची दाढी मी चार वर्षं केली, फोमनेच. फोम वाईट नाही, सगळ्या चेहऱ्यावर एकदम लावू नका एवढंच. एक गाल लावायचा, तो पूर्ण करायचा, मग दुसरा. आधी तळहातावर घ्या, कोमट पाण्याचे चार थेंब टाका, चोळा आणि मग लावा. थर पातळ होतो, खालचं दिसतं आणि लवकर सुकत नाही. पंखा तेवढा वेळ बंद. थंडीचं म्हणाल तर मी कॅन दहा मिनिटं गरम पाण्याच्या तांब्यात उभा ठेवायचो.

प्रतिसाद २

आधी वरचं शेवटचं वाक्य खोडायला हवं. कृपया कॅन गरम पाण्यात ठेवू नका. आत फेस फुगवणारा वायू ब्यूटेन, आयसोब्यूटेन, प्रोपेन असा असतो, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचीच भावंडं. ५० अंशांच्या वर तापवू नका असं कॅनवर छापलेलं असतं ते उगाच नाही. देवघरात समई किंवा उदबत्ती पेटलेली असेल तर त्या खोलीत बटणही दाबू नये. तळहातावर घेऊन कोमट करण्याची सूचना मात्र उत्तम.

आता पाण्याबद्दल. मी साबणाच्या धंद्यात उमेदीची वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचा अंदाज बरोबर आहे. साबण म्हणजे स्टिअरिकसारख्या मेदाम्लांचे सोडियम किंवा पोटॅशियम क्षार. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. ते मेदाम्लाला धरतात आणि पाण्यात न विरघळणारा चोथा तयार होतो. तुमचं नासलेलं दूध ते हेच. हा चोथा होऊन उरेल त्या साबणाचाच फेस बनतो. नौपाड्यात पालिकेचं पाणी, भातसा आणि उल्हास नदीवरून येणारं, ते मऊ. आपल्याकडच्या काळ्या कातळाच्या भेगांतून मुरून बोअरमध्ये आलेलं पाणी बरेचदा जड असतं. वडीचा दोष नाही, ब्रशचाही नाही.

फोमला ही अडचण का आली नाही? कारण त्यातलं पाणी कारखान्यातच भरलेलं असतं, तुमच्या नळाशी त्याचा संबंधच येत नाही. क्रीम या दोहोंच्या मधलं. त्यात मुख्यतः पोटॅशियमचा साबण असतो, तो सोडियमच्या साबणापेक्षा मऊ, पटकन विरघळतो. वर ग्लिसरीन असतं, त्यामुळे फेस ओला राहतो. ट्यूबवर घटक वाचा. 'ईडीटीए' असं काही लिहिलेलं असेल तर तो पदार्थ कॅल्शियम पकडून ठेवतो, म्हणजे जड पाण्यात थोडा आधार.

पण सगळ्यात सोपा उपाय स्वयंपाकघरात आहे. आरओ फिल्टर असेल तर त्यातलं दोन कप पाणी कोमट करा. एक फेसाला, एक शेवटी चेहरा पुसायला. फेसाला पाणी लागतंच किती! मेन्थॉल नसलेलं क्रीम घ्या. थंड लागतं ते बऱ्याचदा त्याच्यामुळे, आणि म्हाताऱ्या कोरड्या त्वचेला ते झोंबतं. रोज अर्धा-पाऊण ग्रॅम पुरतं, ७० ग्रॅमची ट्यूब तीन महिने जाईल.

प्रतिसाद ३

नमस्कार ताई. माझं कळव्यात सलून आहे, घरी जाऊनही दाढ्या करतो. मी स्वतःसाठी वडीच वापरतो, तिचा फेस मला आवडतो. गिऱ्हाइकाला मात्र क्रीम, कारण एकच वडी दहा जणांच्या तोंडाला लावता येत नाही. तुमच्या घरी तो प्रश्न नाही, पण नवशिक्या हाताला क्रीमच सोपं. वडीवर ब्रश किती फिरवायचा, पाणी किती, हे जमायला महिना जातो. तोवर काका वैतागतील.

फेसापेक्षा महत्त्वाचं सांगतो. आधी कोमट पाण्यात पिळलेला पंचा गालावर दोन-तीन मिनिटं धरा. पंचा आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा, कारण ज्या बाजूला झटक्याचा परिणाम आहे तिथे त्यांना चटका कळेलच असं नाही. केस पाणी प्यायला की मऊ होतो, मग रेझरला जोर लावावा लागत नाही. सैल गाल कानाकडे वर ओढून धरायचा, कातडी ताणलेली असेल तरच रेझर टेकवायचा. फक्त सुलटा हात, म्हणजे केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने. उलटा हात मारायचाच नाही. छोटे छोटे फटके, दर दोन फटक्यांनी रेझर धुवायचा. मसाच्या भोवती बोटभर जागा सोडून द्या, तिथले चार केस राहिले तर राहू देत. तीन दिवसांपेक्षा जास्त वाढली असेल तर आधी ट्रिमरने छाटा, मग रेझर.

कापलंच तर स्वच्छ कापूस ठेवून पाच मिनिटं न उचलता दाबून धरायचं. उचलून बघितलं की परत सुरू होतं. मग ओली तुरटी. आणि गोळीमुळे रक्त थांबतच नसेल तर डॉक्टरांना फोन करा, वाट बघत बसू नका.

ब्रश नायलॉनचा घ्या. डुकराच्या केसांचा आधी भिजवावा लागतो आणि आपल्याकडे पावसाळ्यात वाळत नाही, वास मारतो. नायलॉनचा झटकला की कोरडा.

प्रतिसाद ४

माझ्या मिस्टरांना तीन वर्षांपूर्वी झटका आला होता. एकच सांगते. ब्रश काकांच्या डाव्या हातात द्या. रेझर तुमच्याकडेच राहू दे, फेस त्यांना करू दे. सांडेल, कानात जाईल, जाऊ दे. आमच्या फिजिओंनी तर वाटी अधू हाताने मांडीवर दाबून धरायला लावली होती, तोही व्यायामच. पाच महिने मी त्यांचं सगळं माझ्या हाताने उरकत होते, कारण त्यामुळे लवकर व्हायचं. त्यांना ते आवडत नव्हतं हे मला फार उशिरा कळलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवस झाले, काय झालं ते लिहिते.

जांभळी नाक्यावरून नायलॉनचा ब्रश आणला. क्रीम साधं, मेन्थॉल नसलेलं. आरओचं पाणी कोमट करून पहिल्याच दिवशी फेस आला, गोळे नाहीत. बदामाएवढं क्रीम दोन्ही गालांना पुरून उरतं. पातळ थर असल्यामुळे मस दिसतो आणि पंखा चालू असला तरी फेस ओला राहतो. आठ दिवसांत एकदाच कापलं, हनुवटीखाली, तेही मी घाईत उलटा हात मारला म्हणून. कापूस दाबून धरला, थांबलं.

प्रतिसाद चारमधल्या ताई, तुमचं वाचून त्या रात्री झोप लागली नाही. बाबा कॅन बाजूला सारायचे तेव्हा मला वाटायचं, त्यांना दाढीच नको आहे. दुसऱ्या दिवशी वाटी त्यांच्या मांडीवर ठेवली, उजवा हात तिच्याभोवती ठेवला आणि ब्रश डाव्या हातात दिला. उजव्या हाताचं माणूस, डाव्याने ब्रश धरायला वेळ लागला. नाकाला, चष्म्याच्या काडीला, बनियनला, सगळीकडे फेस. पण गोल गोल फिरवण्याची लय तीच, चाळीतली. परवा फेस लावून झाल्यावर ब्रश वाटीच्या काठावर आपटला. दोनदा. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली.

वडी मी टाकून दिलेली नाही. पाऊस सुरू होऊन टँकर बंद झाले की नळाच्या पाण्यात पुन्हा बघीन. त्यांच्या हाताला तोवर सवय झाली असेल.

सलूनवाले दादा, एक अजून विचारायचंय. उजवा ओठाचा कोपरा खाली ओघळलेला आहे, तिथे मिशीखालचे केस काढताना कातडी ताणायला काही सापडतच नाही, आणि फेस तोंडात जाईल याची भीती वाटते. तिथे तुम्ही बोट कसं धरता?