पसंतीक्रम भरण्याआधी महाविद्यालय प्रत्यक्ष पाहणे आवश्यक आहे का?

मूळ मत – पालक, वर्तकनगर, ठाणे

अभियांत्रिकीच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांसाठी ३०० पर्यंत पर्याय भरता येतात, आणि बहुतेक घरांत ते गेल्या वर्षीचे कटऑफ समोर ठेवून एका रात्रीत भरले जातात. माझे आग्रहाचे मत असे आहे की, यादीतील पहिली सहा महाविद्यालये पाहिल्याशिवाय कुटुंबाने अर्ज अंतिम करू नये. २०२५ च्या प्रक्रियेत पहिल्या फेरीत पहिला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी पर्याय मिळाला, तर ती जागा आपोआप पक्की होत होती. म्हणजे खरा निर्णय वरच्या ओळींतच होतो. मुलीसाठी आम्ही एके ठिकाणी गेलो, तेव्हा माहितीपत्रकात मिरवलेल्या प्रयोगशाळेला कुलूप होते आणि प्रात्यक्षिके अनेकदा नुसती वहीत उतरवून घेतली जातात, असे तिथल्याच मुलांनी सांगितले. हे कोणत्या कागदावर कळले असते?

प्रतिसाद – पालक, कोपरखैरणे

मी असहमत आहे. प्रवेशाच्या दिवसांत वर्ग रिकामे असतात आणि स्वागतकक्ष मात्र सजवलेला असतो, त्यामुळे भेटीत प्रामुख्याने इमारत दिसते. त्याआधी कागद वाचावेत. महाविद्यालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते, पण तांत्रिक अभ्यासक्रम तपासणाऱ्या एनबीएची मान्यता अभ्यासक्रमागणिक असते. एकाच महाविद्यालयात संगणक शाखेला ती असेल आणि यंत्र शाखेला नसेल, असे होऊ शकते, आणि नेमके हेच पालक तपासत नाहीत. शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेले शुल्क पाहता येते. नोकऱ्यांच्या बाबतीत सरासरी पगार विचारू नये, कारण दोन-चार मोठ्या पगारांनी ती फुगते. मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, विचारावा आणि त्या शाखेतील किती जणांना नोकरी लागली, हेही विचारावे. शिवाय तुर्भ्याच्या कारखान्यात रोजंदारीवर असलेल्या बापाने सहा दिवसांची मजुरी बुडवून सहा महाविद्यालये पाहावीत, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

प्रतिसाद – तृतीय वर्षाची विद्यार्थिनी, ऐरोली

पाहायला जाणार असाल, तर गाडी काढू नका. ज्या लोकलने मूल चार वर्षे जाणार आहे, तिनेच सकाळच्या गर्दीत, स्थानकापासूनच्या रिक्षा-बससह एकदा जा. माझ्या वर्गातील काहींचा अभ्यास या प्रवासातच संपतो.

मूळ लेखकाचे उत्तर

मजुरीचा मुद्दा मी मान्य करतो. सहाचा आग्रह सोडतो, कागदांवरून दोन-तीनच निवडावीत. मात्र कागदावर प्राध्यापकांची नावे असतात, ते वर्गावर येतात की नाही हे नसते. ते वरच्या वर्गातील मुलेच सांगतात, आणि तीही प्रवेशद्वाराबाहेरच्या चहाच्या टपरीवर मोकळेपणी सांगतात.

प्रतिसाद – पालक, कोपरखैरणे

मुलांशी बोलावे, हे मान्य. पण ते फोनवरही होते, आणि दोन नाराज मुलांच्या बोलण्यावर शाखा नाकारू नये. वाचलेला वेळ शुल्काच्या चौकशीला द्यावा. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, परंतु व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास ही सवलत मिळत नाही. कुलूपबंद प्रयोगशाळेइतकेच हेही घरच्यांना पैसे भरण्याआधी कळायला हवे.