मदत हवी आहे: बंद असलेल्या कंपनीचा नोंदणीकृत पत्ता, आणि इमारत पुनर्विकासाला चाललीय

अबोली_चिंचवड

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा मावसभाऊ, आम्ही दोघांनी २०१६ मध्ये प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट असा माल होता. नोंदणीकृत कार्यालय म्हणून पुण्यात शुक्रवार पेठेतल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरची खोली भाड्याने घेतली होती. २०२२ च्या दिवाळीनंतर उत्पादन थांबवलं. देणी सगळी फेडली, कुणाचा एक रुपया ठेवलेला नाही. वार्षिक विवरणपत्रं आणि ताळेबंद दरवर्षी वेळेवर भरतो. खोली मात्र ठेवली, कारण कंपनीचा पत्ता तोच आहे आणि कंपनीची रजिस्टरं, जुन्या बिलांच्या फायली तिथल्याच लोखंडी कपाटात आहेत.

आता इमारत पुनर्विकासाला चाललीय. मूळ मालक गेले, त्यांच्या मुलांनी बिल्डरशी करार केलाय. महिनाअखेर खोली रिकामी करायची आहे. जिन्यात लावलेली कंपनीची पाटीही काढून न्या, म्हणाले.

भावाचं म्हणणं असं की कंपनी तर बंदच आहे, सरकारकडून जे यायचं ते ईमेलवर येतं, तर पत्ता आहे तसाच कागदावर राहू दे. मला हे पटत नाही. इमारतच राहणार नसेल तर तो पत्ता कसला? गेल्या वर्षी एक पत्र आलं ते पोस्टमनने खाली शिंपीमामांच्या दुकानात ठेवलं, म्हणून तरी आम्हाला मिळालं. आता ते दुकानही जातंय.

पर्याय दोन आहेत. एक, चिंचवडमधलं आमचं घर. फ्लॅट सासूबाईंच्या नावावर आहे, पण लाइट बिल अजून सासऱ्यांच्या नावाने येतं आणि सासरे २०२१ मध्ये वारले. शिवाय सोसायटीच्या सचिवांच्या कानावर घातलं तर ते म्हणाले, इथे कंपनी वगैरे चालणार नाही. दुसरा पर्याय भावाचा ठाण्यातला फ्लॅट. तो त्याच्या स्वतःच्या नावावर आहे, कागदपत्रं स्वच्छ आहेत.

कंपनी पूर्ण बंद करायला जीव धजत नाही. मसाल्याच्या नावाचा ट्रेडमार्क कंपनीच्या नावे नोंदवलेला आहे. माझी मुलगी फूड टेक्नॉलॉजी शिकतेय आणि तिला हे पुढे चालवायचंय. कुणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर सांगा. दिवस थोडे आहेत.

रानवाटा

ताई, आमच्या ओळखीत एकांनी कोवर्किंगवाल्यांकडून (सामायिक कार्यालयात जागा भाड्याने देणारे) वर्षाच्या कराराने पत्ता घेतलाय. जागामालकाचं ना-हरकत पत्र आणि लाइट बिल तेच देतात. तुम्हाला घरचा पत्ता वापरायचा नसेल तर तेही बघा.

लेखापाल

अबोलीताई, पत्ता तसाच राहू देऊ नका. तुमची शंका अगदी बरोबर आहे.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ मध्ये चालू कंपनी आणि बंद कंपनी असा भेद केलेलाच नाही. नाव रजिस्ट्रारच्या, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, नोंदवहीत आहे तोवर कंपनीला नोंदणीकृत कार्यालय हवंच, आणि तिथे आलेली पत्रं, नोटिसा घेऊन त्यांची पोच देता आली पाहिजे. ईमेल येतो म्हणून ही अट सुटत नाही. चूक झाली तर दिवसाला १,००० रुपये दंड, कमाल १ लाख, आणि तो कंपनीला वेगळा, दोघा संचालकांना वेगळा.

पण दंडापेक्षा मला काळजी वाटते ती कलम १२(९) ची. हे पोटकलम २०१९ मध्ये आलं. कंपनी धंदा करत नाही असं मानायला सबळ कारण असेल तर रजिस्ट्रार त्या पत्त्याची प्रत्यक्ष पाहणी करू शकतो. २०२२ मध्ये त्यासाठी नियम २५ब आला. पाहणी त्याच भागातल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर होते, फोटो काढले जातात, गरज पडली तर स्थानिक पोलिसांची मदत घेता येते. तुमच्या पत्त्यावर त्यांना पत्रे ठोकलेला रिकामा प्लॉट दिसला तर अहवालात काय लिहिलं जाईल ते सांगायला नको. मग नाव काढून टाकण्याची नोटीस निघते आणि म्हणणं मांडायला ३० दिवस मिळतात. ती नोटीस कंपनीच्या नावाने जाणार त्याच पाडलेल्या पत्त्यावर. संचालकांनाही जाते, म्हणून तुम्हा दोघांचे घरचे पत्ते आणि ईमेल नोंदीत अद्ययावत आहेत ना, ते आजच बघा.

नाव एकदा कटलं की परत आणायला राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात जावं लागतं. वकील, तारखा, खर्च आलाच. तुमचा ट्रेडमार्क कंपनीची मालमत्ता आहे, कंपनीच उरली नाही तर तो अधांतरी. २०१७ मध्ये दोन लाखांहून जास्त कंपन्यांची नावं एका दमात काढली गेली, त्यात नुसत्या ढिलाईने अडकलेले प्रामाणिक लोकही होते. त्यातल्या काहींची कामं मी केली आहेत, म्हणून कळकळीने सांगतोय.

आता कुठे हलवायचं ते. ठाणं नको. ठाणे वेगळ्या रजिस्ट्रारकडे येतं, तुमची कंपनी पुण्याच्या रजिस्ट्रारकडे आहे. राज्य एकच असलं तरी एका रजिस्ट्रारच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जायचं तर प्रादेशिक संचालकांची (रजिस्ट्रारच्या वरचे सरकारी अधिकारी) मंजुरी लागते. आयएनसी-२३ चा अर्ज, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, असं सगळं. महिनाअखेरीत ते बसत नाही.

चिंचवड सोपं आहे, पण एक मेख आहे. पुणे शहराच्या हद्दीतल्या हद्दीत पत्ता बदलला असता तर संचालक मंडळाचा ठराव पुरला असता. पिंपरी-चिंचवड वेगळं शहर, वेगळी महापालिका. स्थानिक हद्दीबाहेर जाताना भागधारकांचा विशेष ठराव लागतो. तुम्ही दोघंच भागधारक असाल तर कमी मुदतीच्या सूचनेला दोघांनी लेखी संमती द्यायची आणि सभा घ्यायची. त्या ठरावासाठी ३० दिवसांत एमजीटी-१४ हा फॉर्म आणि पत्ता बदलल्याची सूचना म्हणून ३० दिवसांत आयएनसी-२२ हा फॉर्म भरायचा. अधिकृत भांडवल (जास्तीत जास्त जेवढ्या रकमेचे शेअर कंपनी काढू शकते) १ लाख असेल तर आयएनसी-२२ ची सरकारी फी ३०० रुपये आहे. उशीर केला की ती पटीत वाढते.

फॉर्म भरायच्या आधी दोन गोष्टी तपासा. तुमच्या डिजिटल सहीची मुदत संपलेली नाही ना, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनी ‘ॲक्टिव्ह कम्प्लायंट’ (चालू, नियम पाळणारी) दिसते ना. २०१७ अखेरपर्यंत स्थापन झालेल्या कंपन्यांना २०१९ मध्ये कार्यालयाच्या फोटोसकट आयएनसी-२२ए भरायचा होता. तो राहिला असेल तर आयएनसी-२२ नोंदवून घेत नाहीत.

अबोली_चिंचवड

लेखापालजी, फार मोठी मदत केलीत. २२ए भरलेला आहे, आत्ताच पोर्टलवर पाहिलं. भागधारक आम्ही दोघंच. लाइट बिलाचं आणि सचिवांचं काय करू?

लेखापाल

नियमात वीज, टेलिफोन, गॅस अशा कुठल्याही सेवेचं बिल चालतं. ते दोन महिन्यांपेक्षा जुनं नको आणि जागामालकाच्या नावावर हवं. सासऱ्यांच्या नावाचं बिल आणि सासूबाईंचं ना-हरकत पत्र एकत्र जोडलंत तर शेरा मारून परत येण्याची शक्यता दाट. घरात पाइपचा गॅस आहे का? त्याचं बिल सासूबाईंच्या नावाने येत असेल तर तेच जोडा. सासूबाईंच्या मालकीचा पुरावा म्हणून इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) किंवा सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट). भाडं देणार नसाल तर भाडेकरार लागत नाही, त्यांनी कंपनीला पत्ता वापरायला परवानगी दिल्याचं सहीचं पत्र पुरतं.

फोटोही लागतात. एक इमारतीचा बाहेरून, एक आतला, आणि आतल्या फोटोत सही करणारा संचालक दिसला पाहिजे.

घरटं

मी आमच्या सोसायटीची खजिनदार आहे, म्हणून सचिवांच्या बाजूचं थोडं सांगते. त्यांना भीती असते ती येणाऱ्या-जाणाऱ्यांची, मालाच्या टेम्पोची, लिफ्टमधून जाणाऱ्या पोत्यांची. त्यांना लेखी द्या की इथे कुठलंही उत्पादन, साठवण किंवा विक्री होणार नाही, कामगार येणार नाहीत, फक्त पत्रव्यवहार आणि जुनी कागदपत्रं असतील. आमच्याकडे एका सभासदाने असंच पत्र दिलं होतं, कमिटीने ते नोंदीला घेतलं आणि विषय तिथेच संपला. कंपनी कायद्याला सोसायटीचं ना-हरकत लागत नाही हे खरं, पण शेजार सांभाळलेला बरा. तुमचं पत्र वॉचमन घेणार आहे, हेही लक्षात असू द्या.

लेखापाल

घरटं, छान सांगितलंत. जागा व्यापारीच हवी असं कंपनी कायदा म्हणत नाही. राहत्या घराचा पत्ता चालतो.

पाटी मात्र विसरू नका. दाराबाहेर कंपनीचं नाव आणि नोंदणीकृत पत्ता वाचता येईल असा हवा, आणि इंग्रजीत असेल तर मराठीतही. कलम १२(३) मध्येच लिहिलंय की त्या भागातल्या लोकांच्या वापरातल्या भाषेच्या लिपीतही तो असला पाहिजे. ए-फोर आकाराची पाटी पुरते. लेटरहेड आणि बिलांवरही नवा पत्ता, कंपनीचा ओळख क्रमांक, फोन आणि ईमेल येऊ द्या. कपाटातली रजिस्टरं नव्या पत्त्यावर आणा. हिशेबाची पुस्तकं आठ वर्षांची ठेवावी लागतात, खोली रिकामी करायच्या घाईत रद्दीत घालू नका.

रानवाटा, कोवर्किंगचा पत्ता बेकायदा नाही. पण ज्या कंपनीची कमाईच नाही तिने दरवर्षी त्यासाठी पैसे मोजायचे, आणि करार संपला की पुन्हा हाच प्रश्न. शिवाय तिथे आलेलं पत्र वेळेत हातात पडेल याची खात्री कोण देणार? घर असताना माझं मत घराच्या बाजूने.

रानवाटा

पटलं. एक विचारतो, ताईंनी कंपनी ‘सुप्त’ करून घेतली तर पत्त्याची कटकट जाईल का?

लेखापाल

पत्त्याची नाही, पण बाकीची बरीच कमी होईल. त्यांच्यासाठी मी तेच सुचवणार होतो. कलम ४५५ खाली एमएससी-१ हा अर्ज भरून ‘डॉर्मंट’, म्हणजे सुप्त, दर्जा मागता येतो. दोन आर्थिक वर्षं धंदा किंवा महत्त्वाचा आर्थिक व्यवहार नसेल तर हा मार्ग खुला आहे, आणि भविष्यातल्या प्रकल्पासाठी किंवा ट्रेडमार्कसारखी मालमत्ता धरून ठेवण्यासाठीच तो केलेला आहे. कार्यालय आणि कागदपत्रं सांभाळण्याचा खर्च कायदा महत्त्वाचा व्यवहार मानत नाही. म्हणजे पत्ता जिवंत ठेवायला चार पैसे खर्च झाले म्हणून दर्जा जात नाही.

मग वर्षाला एमएससी-३ हे विवरणपत्र, आणि वर्षाच्या प्रत्येक सहामाहीत संचालक मंडळाची एक बैठक, दोन बैठकांत किमान ९० दिवसांचं अंतर. दोन संचालक कायम हवेत. सलग पाच वर्षं सुप्त राहिली तर मात्र रजिस्ट्रार नाव काढायची कारवाई सुरू करतो. तुमच्या लेकीच्या शिक्षणाला एवढा वेळ पुरेल. तिला सुरू करायचं असेल तेव्हा एमएससी-४ भरून कंपनी पुन्हा चालू करता येते.

क्रम चुकवू नका. आधी आयएनसी-२२ मंजूर करून घ्या, मग एमएससी-१. पाडायला काढलेल्या पत्त्यावरून सुप्त दर्जा मागू नका.

पुढे कधी बंदच करायची ठरली तर नाव काढून घेण्याचा एसटीके-२ हा अर्ज, फी १०,००० रुपये, आणि त्याआधी ट्रेडमार्क तुमच्या किंवा लेकीच्या नावे रीतसर हस्तांतरित करून घ्यायचा.

अबोली_चिंचवड

भावाला हा सगळा धागा वाचून दाखवला. तो तयार झाला. शनिवारी चिंचवडला येतोय, तेव्हाच ठराव आणि सह्या करतो. पाइपच्या गॅसचं बिल सासूबाईंच्या नावानेच येतं, हे मला आज बिल हातात घेतल्यावर कळलं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, माझ्या घराच्या पत्त्यावर नातीची कंपनी राहणार असेल तर कुठे सही करू ते सांग.

सचिवांना घरटं म्हणतात तसं पत्र देते. शेवटची शंका: बँक, जीएसटी आणि ट्रेडमार्क, इथला पत्ता आपोआप बदलतो का?

लेखापाल

नाही. आयएनसी-२२ फक्त कंपनीच्या नोंदीपुरता. पॅन आणि बँकेला वेगळं कळवा. जीएसटी क्रमांक अजून चालू असेल आणि विक्री नसेल तर पत्ता बदलत बसण्यापेक्षा तो रद्द करायचा का, ते आधी ठरवा. ट्रेडमार्कच्या नोंदीतला मालकाचा पत्ता बदलायला वेगळा अर्ज आहे, तो टाळू नका. नोंदणी दहा वर्षांची असते आणि नूतनीकरणाची सूचना जुन्या पत्त्यावर गेली तर पंचाईत होईल.

आणि शुक्रवार पेठेच्या पोस्टात पत्रं नव्या पत्त्यावर पाठवण्याचा अर्ज याच आठवड्यात देऊन ठेवा. आयएनसी-२२ मंजूर होईपर्यंत पत्रं जुन्याच पत्त्यावर निघत राहतील.