बाल्टिक क्रूझ: बंदरावर उतरल्यावर स्वतः फिरावे की जहाजाची सहल घ्यावी?

प्रश्न

नमस्कार मंडळी. येत्या जूनमध्ये आम्ही चौघे बाल्टिक समुद्रातील क्रूझवर जात आहोत. जहाज कोपनहेगनहून निघून वार्नेम्युंडे (जर्मनी), टॅलिन (एस्टोनिया), हेलसिंकी (फिनलंड) आणि स्टॉकहोम (स्वीडन) करून पुन्हा कोपनहेगनला येते. जहाजाच्या सहलींच्या यादीत वार्नेम्युंडेहून बर्लिनची दिवसभराची सहल सर्वांत ठळक दिसते, आणि सर्वांत महागही तीच आहे. सोबत सासूबाई आहेत. सपाट रस्त्यावर त्या हळूहळू चालतात, पण चढ आणि पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. कोणत्या बंदरावर स्वतः फिरणे सोयीचे आहे, कुठे जहाजाची सहल घेणेच शहाणपणाचे ठरेल आणि बर्लिनचा हट्ट धरावा की सोडावा, याविषयी अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर

बर्लिनचा हट्ट सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वार्नेम्युंडेहून बर्लिन गाठायला एका बाजूने सुमारे तीन तास लागतात. म्हणजे सहा तास बसमध्ये किंवा रेल्वेत जातात आणि उरलेल्या वेळात ब्रांडेनबुर्ग द्वार, बर्लिनच्या भिंतीचा एखादा अवशेष आणि घाईघाईचे जेवण एवढेच पदरात पडते. सासूबाईंच्या दृष्टीने तर एवढा वेळ एका जागी बसणे हीच मोठी शिक्षा ठरेल.

त्यापेक्षा वार्नेम्युंडेच नीट पाहा. जहाज गावालाच लागते आणि रेल्वे स्थानक धक्क्यापासून अगदी जवळ आहे. स्थानकाजवळचा पूल ओलांडला की आल्टर श्ट्रोम हा जुना कालवा लागतो. त्याच्या एका काठाला मासेमारीच्या होड्या बांधलेल्या असतात आणि काही होड्यांवरच पावात घातलेला धुरावलेला मासा विकत मिळतो. कालव्याच्या टोकाशी 1898 सालचा दीपगृहाचा मनोरा आणि त्यापलीकडे रुंद पुळण आहे. हा सगळा रस्ता सपाट आहे. आणखी हौस असेल तर लोकल गाडीने वीसेक मिनिटांत रोस्टॉकला जाता येते आणि तिथून रेल्वेनेच बाड डोबेरानला. तिथले विटांचे गॉथिक चर्च 1368 मध्ये पवित्र करण्यात आले. 1886 पासून धावणारी ‘मोली’ नावाची अरुंद रुळांची वाफेची गाडी त्या गावाच्या भर रस्त्यातून, दुकानांना खेटून जाते. लहान मुलांपेक्षा मोठी माणसेच तिच्याकडे अधिक कौतुकाने पाहतात.

दुसरे उत्तर

वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही. ज्यांना बर्लिनला पुन्हा जाण्याची संधी मिळण्याची शक्यता नाही आणि ज्यांचे पाय धडधाकट आहेत, त्यांनी जरूर जावे. मात्र तिथे जहाजाचीच सहल घ्यावी. जहाजाने आयोजित केलेली बस वाहतुकीत अडकली तर जहाज तिची वाट पाहते. आपण स्वतंत्रपणे गेलो आणि गाडी चुकली, तर ते थांबत नाही आणि पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. अंतर जितके लांब तितकी जहाजाची सहल सुरक्षित, आणि शहर जितके धक्क्याजवळ तितकी ती अनावश्यक, एवढा हिशेब मी ठेवतो.

स्टॉकहोमबद्दल एक गोष्ट आताच तपासा. माहितीपत्रकावर ‘स्टॉकहोम’ छापलेले असले तरी काही मोठी जहाजे प्रत्यक्षात नीनॅसहाम्नला लागतात. तिथून शहरात यायला लोकल गाडीने सुमारे एक तास लागतो. याउलट जहाज स्टाट्सगॉर्डेनच्या धक्क्याला लागणार असेल तर गामला स्तान हा जुना भाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि जवळच्या स्लुसेनहून युरगॉर्डेन बेटाकडे फेरीबोट सुटते. त्या बेटावरचे वासा संग्रहालय चुकवू नये. तिथे ठेवलेली वासा ही स्वीडिश युद्धनौका 1628 मध्ये पहिल्याच सफरीत, धक्क्यापासून दीड किलोमीटरही न जाता बुडाली. वरचा भार फार आणि तळाशी वजन अपुरे, त्यामुळे ती वाऱ्याच्या एका झोतात कलंडली आणि तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरले. 1961 मध्ये ती वर काढली गेली. संग्रहालयात उजेड मंद आणि हवा गार असते, म्हणून सासूबाईंसाठी एखादी शाल जवळ ठेवा. निरनिराळ्या मजल्यांवर जायला लिफ्ट आहे.

जहाज थेट स्टॉकहोमला जात असेल तर त्या दिवशी लवकर उठून डेकवर या. शहरापूर्वी काही तास हजारो बेटांच्या मधून वाट काढावी लागते आणि कित्येक प्रवासी ते सगळे झोपेत घालवतात. स्वीडनमध्ये रोख रक्कम अनेक ठिकाणी स्वीकारत नाहीत, त्यामुळे कार्ड लागेलच.

तिसरे उत्तर

घड्याळाचा मुद्दा कुणी मांडला नाही. टॅलिन आणि हेलसिंकी येथील वेळ जर्मनी, डेन्मार्क आणि स्वीडनपेक्षा एक तासाने पुढे असते. मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो, पण जहाजावर परतण्याची वेळ ‘जहाजाच्या वेळेनुसार’ दिलेली असते आणि या दोन्ही प्रत्येक जहाजावर जुळतीलच असे नाही. उतरण्यापूर्वी खात्री करून घ्यावी.

हेलसिंकीत बाजार चौकातून सुओमेनलिन्ना या सागरी किल्ल्याकडे जाणारी बोट शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचाच भाग आहे, त्यामुळे साध्या तिकिटावर पंधरा-वीस मिनिटांत पोचता येते. 1748 मध्ये स्वीडिश राजवटीत बांधायला घेतलेला हा किल्ला सुंदर आहे, पण तिथली जमीन खडबडीत आणि चढउताराची आहे. गुडघ्यांचा विचार करता ट्रामने शहर फिरणे आणि खडक कोरून 1969 मध्ये पूर्ण केलेले तेंपेलियाउकिओ चर्च पाहणे बरे. तांब्याच्या घुमटाखाली शांतपणे बसता येते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बर्लिन रद्द केले. टॅलिनविषयी मात्र अजून धाकधूक आहे. तिथला जुना भाग टेकडीवर आहे आणि रस्ते दगडी आहेत, असे वाचले.

पहिले उत्तर देणाऱ्याकडून

धाकधूक नको, फक्त दिशा उलटी ठेवा. बहुतेक लोक बंदरातून चालत विरू दरवाजाने खालच्या गावात शिरतात आणि मग दमलेल्या पायांनी टूम्पेआ टेकडी चढतात. आपण बंदरातून टॅक्सीने थेट टेकडीवरच्या अलेक्सांडर नेव्हस्की कॅथेड्रलपाशी उतरा. तिथून कोहतुओत्सा सज्जा थोड्याच अंतरावर आहे. लाल कौलांची छपरे, ओलेविस्ते चर्चचा उंच मनोरा आणि त्यामागे समुद्र असे सगळे एका नजरेत येते. परततानाही ल्यूहिके याल्ग हा पायऱ्यांचा मार्ग टाळून पिक याल्ग या उताराच्या रस्त्याने सावकाश खाली या. उतार सासूबाईंना नकोसा वाटला तर पुन्हा टॅक्सी करून खालच्या गावाच्या कडेला उतरता येईल.

खाली नगरभवनाचा चौक आहे. 1404 साली पूर्ण झालेल्या या वास्तूसमोर, चौकाच्या कोपऱ्यात, 1422 पासून नोंद असलेले औषधालय आजही चालू आहे. गोटे मात्र खरोखरच त्रासदायक आहेत, विशेषतः पाऊस पडून गेल्यावर, तेव्हा जाड आणि न घसरणाऱ्या तळव्याचे बूट हवेतच. चौकापासून विरू दरवाजापर्यंतचा रस्ता बराचसा सपाट आहे आणि दरवाजाबाहेर परतीची टॅक्सी मिळते.